शेजारची ज्यू शाळा कशी भरते? (आणि आपली का नाही?)

केन्टनकर | ४ मार्च २०२५, रात्री १०:१५

काल संध्याकाळी शेजारीण दारात आली ती रडतच. मी घाबरलो. मग तिच्या मागे तिची धाकटी उड्या मारताना दिसली, तेव्हा कळलं की रडू आनंदाचं आहे. पोरीला सप्टेंबरपासून हव्या त्या ज्यू शाळेत जागा मिळाली होती. इंग्लंडात सहावीतल्या मुलांना माध्यमिक शाळा कुठली ते १ मार्चला कळतं. यंदा १ मार्चला शनिवार आला, म्हणून ईमेल सोमवारी, ३ तारखेला आले. दोन दिवस बाईंच्या पोटात गोळा होता.

मी राहतो वायव्य लंडनमध्ये केन्टनला. गुजराती दुकानं, श्रीलंकन तमिळ किराणा, अधूनमधून आपल्यासारखी मराठी डोकी, आणि मधोमध जेएफएस ही ज्यू शाळा. हिवाळ्यातल्या शुक्रवारी दुपारी तिथून जाऊन बघा. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य बुडतो आणि त्याआधी साबाथसाठी (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो) घरी पोचायचं असतं, म्हणून शाळा लवकर सुटते. रस्त्याला बसगाड्यांची रांग. पार एसेक्सच्या बाजूने पोरं येतात. डोक्यावरची किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, वाऱ्याने उडू नये म्हणून क्लिपा लावलेल्या, आणि धावताना एक हात तरी डोक्यावरच. अगदी आपल्याकडे वारीत टोपी सांभाळत पळणारी पोरं.

मी इथे आलो तेव्हा ही शाळा नवीच असेल असं वाटलं होतं, कारण इमारत २००२ची आहे. मुळं निघाली १७३२ची. १८१७ मध्ये 'ज्यूज फ्री स्कूल' म्हणून उभी राहिली, मग लंडनच्या ईस्ट एंडला बेल लेनमध्ये गेली. रशिया-पोलंडातून जीव मुठीत धरून आलेल्या लोकांची पोरं तिथे शिकली. १९००च्या आसपास पट चार हजारांच्या वर होता, म्हणजे त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक. रॉथशिल्ड घराणं पोरांना कपडे आणि बूट द्यायचं. १९३९ला मुलं खेड्यांत हलवली, मागे इमारतीवर बॉम्ब पडले, शाळा संपली. पुन्हा उघडली १९५८ला कॅम्डेनमध्ये आणि तिथून आमच्या केन्टनला. आज दोनेक हजार मुलं आहेत.

ही झाली एका शाळेची गोष्ट. सगळ्या ब्रिटनचा आकडा बघितला तर १९५०च्या दशकात ज्यू शाळांतली मुलं साधारण पाच हजार होती, आता पस्तीस हजारांच्या वर आहेत. ह्याच काळात ब्रिटनमधल्या ज्यूंची एकूण संख्या कमी झाली बरं का! लोक घटले आणि शाळा भरल्या.

आमच्या मंडळात रविवारच्या मराठी वर्गाला मुलं आणताना जीव मेटाकुटीला येतो. क्रिकेट, कराटे, वाढदिवस, 'आज झोप झाली नाही'. म्हणून हा धागा. ह्यांना जमतं कसं? इथल्या अनुभवी मंडळींनी लिहावं. अर्धवट माहितीवर मीच फार लिहिलं तर कान उपटावेत.

---

शंकासूर | ४ मार्च, ११:०२

कान उपटतो. सरकारी पैशाने धर्माची शाळा चालवायची, त्यात पहिला हक्क त्याच धर्माच्या मुलांना द्यायचा, आणि मग म्हणायचं बघा पट कसा वाढला! आपल्याकडे उद्या कोणी असं केलं तर ह्याच संस्थळावर दोनशे प्रतिसाद पडतील. मुलं लहानपणापासून वेगळ्या डब्यात ठेवायची आणि मोठी झाल्यावर 'मिसळा' म्हणून सांगायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

---

मास्तर_सांगोलकर | ५ मार्च, सकाळी ६:४०

केन्टनकर, 'पट' हा शब्द वाचला आणि छातीत धस्स झालं. आम्ही जिल्हा परिषदेचे लोक. आमचं सगळं आयुष्य पटावर. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षक अतिरिक्त, अतिरिक्त झाला की समायोजन, म्हणजे बायकापोरं इथे आणि आपण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. एप्रिल-मेमध्ये भर उन्हात दारोदार फिरतो. "ताई, पोरगं आमच्याकडं घाला, पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, खिचडी आहे." ताई म्हणतात, "गुरुजी, तुमचा पोरगा कुठल्या शाळेत आहे?"

माझा पोरगा इंग्रजी माध्यमात आहे. खोटं कशाला बोलू.

तुमच्या त्या ज्यू शाळेतले मास्तर आपली पोरं त्याच शाळेत घालतात का, एवढंच मला विचारून सांगा. बाकी सगळं त्यावरून कळेल.

---

केन्टनकर | ५ मार्च, संध्याकाळी ७:३०

मास्तर, तुमच्या प्रश्नाने दिवसभर पिच्छा पुरवला. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, ज्यू शिक्षक असेल तर बहुतेक हो. पण अशा शाळांत गणित-विज्ञान शिकवणारे बरेच शिक्षक ज्यू नसतातच.

शंकासूर, पैशाचा हिशेब पूर्ण सरकारी नाही. पगार आणि रोजचा खर्च सरकार देतं. इमारतीच्या कामात संस्थेला पदरचे घालावे लागतात. हिब्रू आणि धर्माच्या तासांचा, शिवाय दारावरच्या पहाऱ्याचा काही खर्च पालकांकडून मागतात. नाव 'ऐच्छिक वर्गणी'. शेजारीण म्हणते, ऐच्छिक आहे पण आठवणीची पत्रं नियमाने येतात. (आपल्या गणेशोत्सवाच्या पावतीसारखं झालं.)

आणि ह्या सवलती एकट्या ज्यूंना नाहीत. इंग्लंडात चर्चच्या शाळा हजारोंनी आहेत. सरकारी खर्चाची पहिली शीख शाळा १९९९ची, हेजला. पहिली हिंदू शाळा, कृष्ण अवंती, २००८ची, आमच्या हॅरोतच. तिथल्या रांगेत आपले मराठी आईबाप मी डोळ्यांनी पाहिलेत.

प्रवेशावरून मात्र मोठं महाभारत झालं होतं. एका मुलाची आई इटालियन कॅथलिक, नंतर ज्यू झालेली. पण तिचं धर्मांतर मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) पठडीतलं नव्हतं, म्हणून जेएफएसने मुलाला ज्यू धरलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २००९ मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की आईच्या वंशावरून ठरवणं म्हणजे वांशिक भेदभाव. तेव्हापासून जन्म बघत नाहीत, आचरण बघतात. सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनामंदिरात, किती वेळा आलात त्याचा दाखला लागतो.

आता गंमत बघा. शनिवारी साबाथ, त्या दिवशी लिहिणं निषिद्ध. मग हजेरी मांडायची कशी? शेजारणीच्या सिनेगॉगात दाराशी घरटी कार्डं लावून ठेवलेली असतात. आत जाताना आपलं कार्ड काढून पेटीत टाकायचं, की झाली हजेरी. ती सांगत होती, प्रवेशाच्या वर्षी अशी अशी माणसं शनिवारी दिसतात जी लग्नानंतर एकदम आत्ताच उगवली. सिनेगॉगला हे लोक 'शूल' म्हणतात. मराठी कानाला पोटशूळ ऐकू येतो आणि त्या वर्षी तो बऱ्याच जणांना असतोही.

---

हिशेबी | ५ मार्च, रात्री ९:१२

आकड्यांवर माझाही थोडा जीव आहे म्हणून लिहितो. पाच हजारांचे पस्तीस हजार झाले हे खरं, पण त्यातली निम्म्याहून जास्त मुलं हरेदी शाळांत आहेत. म्हणजे कट्टर सनातनी ज्यू, काळे कोट, मोठ्या हॅटवाले, लंडनच्या स्टॅमफर्ड हिलचे वगैरे. त्यांच्यात घरटी सहा-सात मुलं सर्रास. ती वाढ अभिमानाची कमी आणि पाळण्याची जास्त. त्यांना 'शाळा कुठली' हा प्रश्नच पडत नाही.

तुमच्या शेजारणीसारख्या मध्यममार्गी घरांनी ज्यू शाळा निवडणं ही वेगळी गोष्ट, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ह्याच वर्गातले आईबाप म्हणायचे, मुलाला चांगल्या ग्रामर स्कूलमध्ये (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) घालू, हिब्रू रविवारी शिकेल. रविवारच्या वर्गांनी काही होत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग शाळा बांधल्या. बोरहॅमवुडला याव्हनेह कॉलेज २००६ला, न्यू बार्नेटला जेकॉस २०१०ला. जेकॉस सगळ्या पंथांना घेणारी आहे, म्हणजे तो २००९चा वाद तिथे उद्भवतच नाही.

अजून एक. ह्या जानेवारीपासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागलाय. निकाल चांगले आणि फी नाही, अशी ज्यू शाळा समोर असेल तर माणूस धार्मिक व्हायला कितीसा वेळ लागतो?

उलट बाजूही सांगतो. लंडनमध्ये जन्म कमी झालेत, घरं महाग, तरुण कुटुंबं बाहेर चाललीत. प्राथमिक वर्गांत रिकामी बाकं दिसायला लागली आहेत, ज्यू शाळाही त्यातून सुटलेल्या नाहीत. दहा वर्षांनी हा धागा वर काढा, मग बोलू.

---

एडिसनची_मावशी | ६ मार्च, पहाटे ४:२०

+१ हिशेबी, रविवारच्या वर्गाबद्दल. न्यू जर्सीत मी अकरा वर्षं रविवारी मराठी शिकवते. आमचा वर्ग भरतो एका सिनेगॉगच्या भाड्याच्या खोलीत! सकाळी त्यांची हिब्रू शाळा, दुपारी आमची मराठी. भिंतीवर त्यांचा आलेफ-बेतचा, म्हणजे हिब्रू मुळाक्षरांचा तक्ता, त्याच्या खाली मी चिकटपट्टीने अ-आ-ई लावते आणि जाताना काढून नेते. एकदा विसरले. पुढच्या रविवारी तक्ता तिथेच होता आणि 'ळ'भोवती कुणीतरी पेन्सिलीने गोल करून प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते मी अजून पुसलं नाही.

त्यांच्या बाई मला म्हणाल्या होत्या, रविवारची शाळा म्हणजे मुलं ज्यू आहेत हे आईबापांना आठवण करून द्यायची जागा. आमचंही तेच आहे हो.

इथे पूर्ण दिवसाच्या ज्यू शाळा आहेत, पण सरकार बहुतेक राज्यांत पैसे देत नाही. वर्षाला वीस-तीस हजार डॉलर फी. फ्लोरिडात २०२३पासून कुठल्याही मुलाला खासगी शाळेसाठी सरकारी मदत मिळायला लागली, तर तिकडच्या ज्यू शाळांत एकदम गर्दी. म्हणजे अभिमान होताच, चेक नव्हता.

---

खरं_बोलतो | ६ मार्च, सकाळी ८:०५

[प्रतिसाद काढून टाकला आहे.]

व्यवस्थापक | ६ मार्च, ८:३१

गाझा आणि इस्रायलच्या राजकारणावर दोन धागे आधीच चालू आहेत. तिथे लिहा. हा धागा शाळांचा आहे.

---

नवगावची_नात | ७ मार्च, दुपारी १:५०

मी इथे एरवी फक्त पाककृती वाचते. आज लिहिते. मी इस्रायलमध्ये अश्दोदला असते, चोपन्न वर्षं झाली. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागजवळच्या नवगावचे. आमचे पूर्वज तिथेच गलबत फुटून किनाऱ्याला लागले अशी आमच्यात कथा आहे. कोकणात आम्हाला 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद.

केन्टनकर, तुम्ही ज्यू शाळा बघायला लंडनला गेलात. आमची तर माझगावला होती आणि मराठीत बोलत होती.

आमच्या लोकांची पोरं आधी मिशनऱ्यांच्या शाळांत जायची. गंमत म्हणजे हिब्रू आम्हाला नीट शिकवलं ते जॉन विल्सन आणि त्यांच्यासारख्या पाद्र्यांनीच. ते बाटवायच्या आशेने शिकवत, आमचे लोक हिब्रू घेऊन घरी येत. पण आपली स्वतःची शाळा पाहिजे हे हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मनावर घेतलं. १८७५ साली 'इस्रायली शाळा' निघाली. समाज गरीब, कारकून, सुतार, पलटणीतली माणसं. पैसा गोळा करताना त्यांनी लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनलाही साकडं घातलं. म्हणजे तुमच्या लंडनच्या ज्यूंचे पैसे आमच्या माझगावात लागलेले आहेत. पुढे सर एली कडूरींची देणगी आली आणि त्यांचं नाव लागलं.

आणि रिबेका रूबेन. १९२२ ते १९५०, अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका. माझ्या आईच्या बाई. आई सांगायची, बाई व्हरांड्यात आल्या की पायऱ्यांवरच्या पोरी आपोआप सरळ उभ्या राहायच्या. बाई ओरडायच्या नाहीत. नुसतं "हं?" म्हणायच्या. आईचं 'हं?' तसंच होतं, आता माझंही आहे, आणि माझ्या नातीला त्याचा अर्थ हिब्रूत समजतो.

मी शिकले तेव्हा शाळा तीच, पण वारं फिरलेलं. १९४८नंतर आमची माणसं निघाली ती थांबलीच नाहीत. सुट्टी संपवून यावं तर एक बाक रिकामं. कुणी सांगायचं नाही, बाईंनी हजेरीत नाव घेतलं नाही की समजायचं. त्या बाकावर जून महिन्यात दुसरी मुलगी यायची, बहुतेक मुसलमान, कधी किरिस्ताव, कधी गुजराती. पट कधी पडला नाही. आमची मुलं गेली आणि शाळा भरलेलीच राहिली.

मग माझंही नाव एके दिवशी बाईंनी घेतलं नसेल.

शंकासूर भाऊ, तुमचा वेगळ्या डब्याचा मुद्दा मला समजतो. पण आमच्या डब्याला दारं होती.

---

मास्तर_सांगोलकर | ७ मार्च, २:३०

आजी, वाचून गप्प बसलो. हजेरीत नाव न घेणं हे आमच्याकडं ऊसतोडीला गेलेल्या पोरांच्या बाबतीत होतं. दिवाळीनंतर निम्मा वर्ग गायब.

---

डॉकयार्ड_रोड | ७ मार्च, रात्री ११:४०

अस्सलाम आलेकुम मंडळी. मी सहसा क्रिकेटच्या धाग्यावर असतो. मित्राने लिंक पाठवली की तुझी शाळा आलीय बघ.

आजी, तुमच्या रिकाम्या बाकांवर बसलेल्यांपैकी मी एक समजा. फक्त पंचवीस-तीस वर्षांनी. आमच्या वर्गात एकही ज्यू मुलगा नव्हता. खरं सांगायचं तर मला नववीपर्यंत 'ज्यू' म्हणजे काय माहीत नव्हतं. 'कडूरी' म्हणजे शाळा, बस. दुसऱ्या शाळेच्या पोरांशी मॅच असली की "कडूरी! कडूरी!" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. हे कोण्या बगदादहून आलेल्या आणि हाँगकाँग-शांघायला धंदा केलेल्या यहुदी शेठचं नाव आहे, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. शाळा चांगली होती म्हणून घातलं."

आमच्या मुंबईत भायखळ्याची जेकब ससून शाळा, तिकडे कोलकात्याची ज्युइश गर्ल्स स्कूल, सगळीकडे हेच. बहुतेक मुलं मुसलमान. नाव त्यांचं, पोरं आमची. अभिमान कुणाचा म्हणायचा? मला तर माझाच वाटतो.

केन्टनकर भाऊ, तुमच्या इंग्लंडातच बर्मिंगहॅमला किंग डेव्हिड नावाची ज्यू प्राथमिक शाळा आहे. तिथेही जास्त मुलं मुसलमान, आणि ती हिब्रू गाणी म्हणतात. चेक करा.

---

शंकासूर | ८ मार्च, सकाळी ९:१५

चेक केलं, बरोबर आहे. बरं, माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. माझगावची शाळा मला शंभर टक्के मान्य. केन्टनची अजून नाही. माझगावात समाजाने शाळा काढली आणि पुढे ती सगळ्या शहराची झाली. केन्टनला दारावर पहारेकरी आहेत.

नवगावची_नात, "डब्याला दारं होती" हे वाक्य चोरणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

---

हिशेबी | ८ मार्च, १०:००

जे लोक 'मराठी शाळांनी ज्यूंकडून शिकावं' असं लिहायच्या बेतात असतील त्यांच्यासाठी एक काडी टाकतो. बेल लेनच्या त्या शाळेत आलेल्या पोरांची घरची भाषा होती यिद्दिश. मोझेस अँजेल हे तिथे अर्ध्या शतकाहून अधिक काळ मुख्याध्यापक होते, त्यांना यिद्दिश अजिबात खपायची नाही. पोरांना चोख इंग्रज करून सोडायचं हेच शाळेचं काम होतं. धर्म टिकवला, आईची भाषा मोडली. दोन पिढ्यांत ईस्ट एंडची यिद्दिश जवळपास संपली. तेव्हा ह्या शाळेचा कित्ता गिरवायचा तर आपल्याकडे आरत्या राहतील आणि मराठी जाईल.

एडिसनची_मावशी | ८ मार्च, ५:१०

ते आमच्याकडे झालंच आहे. 'सुखकर्ता' सगळ्यांना पाठ, रोमन लिपीत.

---

केन्टनकर | ९ मार्च, रात्री ८:४५

आजी, तुमचा प्रतिसाद शेजारणीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत वाचून दाखवला. मुंबईत मराठी बोलणारे ज्यू आहेत हे तिला ऐकून माहीत होतं, पण लंडनहून तिकडे पैसे गेले होते हे नवीन. "मग आम्ही एकमेकांचे लागतो," म्हणाली.

पहाऱ्यावरून शंकासूर बोलले, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. शेजारणीचा थोरला आधी साध्या सरकारी शाळेत होता. शाळा चांगली होती, ती अजून नाव काढते. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यानंतर वर्गात कुणीकुणी काय काय बोललं, ते ती सांगत नाही आणि मी विचारलं नाही. तिने त्याचं नाव ज्यू शाळेच्या प्रतीक्षा यादीत टाकलं. सात महिन्यांनी जागा मिळाली.

त्याच ऑक्टोबरात लंडनमधल्या काही ज्यू शाळांनी १३ तारखेला, शुक्रवारी, दार बंद ठेवलं होतं. काहींनी ब्लेझर ऐच्छिक केला. म्हणजे रस्त्यात कुणाला शाळा ओळखू येऊ नये. सभागृहात सांगायचं ताठ मानेने चाला, आणि फाटकाबाहेर पडताना सांगायचं ब्लेझर पिशवीत ठेवा. हे दोन्ही एकाच आठवड्यात पोरांनी ऐकलं.

मी मघाशी कौतुकाने आकडे लिहिले ना, पाचाचे पस्तीस हजार? तो थोरला त्या आकड्यात एकाने भर आहे. पण त्याला तिथे घातला तो अभिमानाने की भीतीने, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. ती म्हणते, जाताना भीती होती, आता तो शाळेच्या गायनमंडळात आहे. पहाऱ्याला पालकांची पाळी असते, महिन्यातून एकदा तिचा नवराही पिवळं जाकीट घालून फाटकावर उभा राहतो. हिशेबाचा माणूस, घरी खिळा ठोकता येत नाही.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर असेल. आमच्या मराठी वर्गासाठी मी महिन्यातून एकदा पावसात उभा राहीन का? खरं सांगायला लाज वाटते.

---

नवगावची_नात | १० मार्च, सकाळी ११:२०

केन्टनकर, ह्या गुरुवारी संध्याकाळी तुमची होळी आणि आमचा पुरीम एकाच दिवशी लागतोय, लक्षात आलंय का? आमच्या जुन्या माणसांनी पुरीमला नावच दिलं होतं 'होळीचा सण'. केहिमकरांनीही तसंच लिहून ठेवलंय. आणि खायला काय? पुरणपोळी!

पुरीमला शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ पाठवायचा असतो. शेजारणीला पोळ्या द्या. तूप-दूध घालू नका, तेलावर भाजा आणि सोबत गुळाचं नारळाचं दूध. आमच्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. नारळाचं दूध दुधात मोडत नाही, म्हणून ते मटणाबरोबरही चालतं. आमचं निम्मं स्वयंपाकघर त्याच्यावर उभं आहे.

डॉकयार्ड_रोड | १० मार्च, १२:०५

आजी, इथे रमजान चालू आहे आणि तुम्ही दुपारी बारा वाजता पुरणपोळी लिहिता.

नवगावची_नात | १० मार्च, १२:४०

अरे देवा. इफ्तारला खा बाळा.

---

केन्टनकर | १४ मार्च, रात्री ९:३०

वृत्तान्त.

ज्यूंच्या खाण्याच्या नियमांमुळे माझ्या भांड्यांतलं तिला चालणार नाही, म्हणून काल मी डाळ-गूळ-कणिक (सगळी पाकिटं तिने उलटून उलटून तपासली) घेऊन तिच्या घरी गेलो आणि तिच्याच तव्यावर पोळ्या लाटल्या. पहिल्या तीन फुटल्या. तिने ओव्हनमधून खसखशीच्या सारणाच्या तिकोनी हामानताशन काढल्या आणि माझ्या फुटक्या पोळीकडे बघून म्हणाली, "तुमचंही आत गोडच असतं." नारळाचं दूध डब्यातलं होतं. आजी, माफ करा.

आज पुरीम म्हणून धाकटीच्या शाळेत सगळी मुलं सोंगं घेऊन गेली होती. त्यात शुक्रवार, शाळा लवकर सुटली. मी घरूनच काम करत होतो. खिडकीतून बघतो तर रस्त्याने एक अंतराळवीर, दोन राण्या आणि एक लालभडक टपालपेटी मोठमोठ्याने गात येतायत. टपालपेटी म्हणजे शेजारणीची धाकटी. तिच्या मागे थोरला, डोक्यावर आईची हिरवी विग. खाली ब्लेझर चढवलेला होता, सगळी बटणं लावून. विचारलं तर म्हणाला, "आज सगळेच वेषात आहेत ना."

माझी पोरगी गुलाल घेऊन दारात उभीच होती. पुढचं सांगत नाही. ब्लेझर उद्या रात्री, साबाथ संपल्यावर धुवायला टाकणार आहेत आणि लाल डाग कशाने जातो ते कुणाला माहीत असेल तर तातडीने लिहा.

---

एडिसनची_मावशी | १५ मार्च, पहाटे ३:५५

आधी कोरडाच झटका, पाणी अजिबात लावू नका! मग दही.

नवगावची_नात | १५ मार्च, रात्री ८:१५

दही नको गं, लोकरीचा असेल. कोरडा झटकून लॉन्ड्रीत द्या.